उंदरांची शिकवणी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आमच्या घरी दोन उंदीर होते, असं मी सांगितलं की लोक लगेच उपाय सुचवतात. कुणी गोळ्यांचं नाव सांगतं, कुणी चिकट पुठ्ठा आणा म्हणतं, कुणी मांजराचं पिल्लू देऊ करतं. मग मला सांगावं लागतं, की तसे नव्हेत हो, पाळलेले होते. त्यांना नावं होती आणि मी त्यांची शिकवणी घेत असे. यावर समोरचा माणूस गप्प होतो. निवृत्तीनंतर शिक्षकांचं असं होतं कधीकधी, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येतं.

३४ वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. छडी फारशी वापरली नाही, पण ती टेबलावर असे आणि सगळ्यांना दिसेल अशी असे. वर्ग शांत असायचा. वर्ग शांत आहे म्हणजे तो शिकतो आहे, अशी माझी समजूत होती. ती समजूत दोन उंदरांनी मोडली, त्याची ही गोष्ट.

त्या वर्षी जूनमध्ये माझा दहा वर्षांचा नातू नाशिकहून आमच्याकडे पुण्याला आला. त्याची धाकटी बहीण सातव्या महिन्यातच जन्मली होती आणि काचेच्या पेटीत होती. मुलगा आणि सून रात्रंदिवस हॉस्पिटलात. थोड्या दिवसांसाठी म्हणून आलेला हा मुलगा पुढे वर्षभर राहिला, इथल्याच शाळेत गेला. तो रडला नाही, त्यानं हट्ट केला नाही. फक्त एक गोष्ट हिच्या लक्षात आली. जेवताना ताटातली पोळी संपायच्या आत तो दुसरी मागून घ्यायचा आणि ती तशीच ठेवायचा. भूक नसली तरी.

त्यानं एकच गोष्ट मागितली. शाळेच्या वाटेवर माशांच्या टाक्या विकणारं दुकान होतं, तिथल्या एका पिंजऱ्यात पांढरे उंदीर होते. 'आजोबा, आणायचे?' मी हो म्हणून बसलो. घरी आल्यावर ही म्हणाली, 'अहो, जन्मभर मी उंदरांना घराबाहेर काढत आले आणि तुम्ही विकत आणलेत?' तिचंही चुकत नव्हतं. १८९७ चा प्लेग ज्या शहरानं पाहिला, तिथल्या जुन्या घरांमध्ये उंदीर हा शब्द अजून जरा दबक्या आवाजात उच्चारतात. आणि पावसाळ्यात लेप्टोची भीती असतेच. म्हणून पहिला नियम हिनं घातला. उंदरांना हात लावला की साबणानं हात धुवायचे, आणि पिंजरा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येणार नाही.

हे पांढरे उंदीर आपल्या माळ्यावरच्या काळ्या उंदराचे सख्खे नव्हेत. ते तपकिरी उंदराच्या जातीचे, पिढ्यान् पिढ्या माणसाच्या हाताखाली वाढलेले. व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनमध्ये जॅक ब्लॅक नावाचा उंदीर पकडणारा होता. वेगळ्या रंगाचा उंदीर सापडला की तो त्याला मारत नसे, वाढवून त्याची पैदास करी आणि हौशी लोकांना विकत असे. पाळीव उंदरांचा इतिहास सांगताना त्याचं नाव निघतं, ते यामुळे. उंदीर मारणाऱ्याच्याच हातून उंदीर पाळायची हौस वाढली, ही गंमतच.

आम्ही दोन माद्या आणल्या. दोन अशासाठी, की उंदीर हा कळपातला प्राणी, एकटा ठेवला तर झुरतो. आणि दोन्ही माद्या अशासाठी, की नर-मादी आणले तर तीन आठवड्यांत दहा-बारा पिल्लं. एक जाडसर आणि शांत, तिचं नाव ठमी. दुसरी सडसडीत आणि सारखी धावणारी, ती चिंगी.

पहिले आठ दिवस आम्ही काहीच शिकवलं नाही. नातू पिंजऱ्यात हात नुसता ठेवून बसायचा, तळहातावर चुरमुरे. उंदराला शेपटीला धरून कधी उचलू नये, त्याला इजा होते आणि त्याचा विश्वासही जातो. पांढऱ्या उंदरांची नजर अधू असते. अंतर जोखण्यासाठी ते डोकं हळूहळू डावीउजवीकडे डोलवतात. आम्हाला आधी वाटलं, काही आजार आहे. आठव्या दिवशी चिंगी हातावर चढली. ठमीला बारा दिवस लागले.

मग शिकवणी सुरू झाली. साधन एकच, बटणाचं बॉलपेन. बटण दाबलं की 'टक' असा आवाज होतो. टक म्हणजे चुरमुरा, एवढंच आधी शिकवायचं. टक केलं की चुरमुरा, टक केलं की चुरमुरा. दोन दिवसांत टक ऐकताच दोघी वळून बघू लागल्या. याचा उपयोग असा, की खाऊ हातात पोचेपर्यंत दोन-तीन सेकंद जातात आणि तोवर उंदीर भलतंच काहीतरी करत असतो. टक मात्र नेमक्या क्षणी करता येतं. 'हे, आत्ता केलंस ना, ते बरोबर', असं सांगायची ती खूण.

ही पद्धत नवी नाही. अमेरिकेत बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञानं १९३७ साली 'प्लिनी' नावाच्या उंदराला दोरी ओढून गोटी पाडायला, ती पुढच्या पायांत धरून न्यायला आणि एका नळीत टाकायला शिकवलं होतं. त्याचे फोटो 'लाइफ' साप्ताहिकात छापून आले होते. स्किनरच्या हाताखाली शिकलेल्या केलर आणि मारियन ब्रेलँड या जोडप्यानं १९४७ मध्ये प्राणी शिकवण्याचा व्यवसायच काढला. आणि १९६१ मध्ये त्यांनी आपल्या फसलेल्या शिकवण्यांवर एक लेख लिहिला. रॅकूनला नाणी पेटीत टाकायला शिकवलं, तर तो नाणी सोडेचना, एकमेकांवर घासत बसला. आपलं चुकलं कुठे हे जाहीर लिहिणारे शिक्षक मला फार मोठे वाटतात. मी ते ३४ वर्षांत एकदाही केलेलं नव्हतं.

आम्ही ठरवलेला खेळ असा होता. एक लाकडी फळी, मधोमध पेन्सिलीचा टेकू, म्हणजे बागेतल्या सी-सॉसारखी. फळीच्या एका टोकावर ठमीनं उभं राहायचं. तिच्या वजनानं दुसरं टोक वर जाणार, आणि दोऱ्याच्या रिळावरून घेतलेल्या दोरीनं एक पुठ्ठ्याचं दार उघडणार. दार उघडलं की चिंगीनं आत जायचं, गोटी उचलायची, बाहेर आणायची आणि स्टीलच्या वाटीत टाकायची. तोवर ठमीनं फळीवरून हलायचं नाही. हलली तर दार पडणार.

दोघींना आपापलं काम वेगवेगळं शिकवलं. रोज संध्याकाळी, त्यांच्या जेवणाआधी, एकेकीला दहा-दहा मिनिटं. उपाशी ठेवायची गरज नसते, जेवणाआधीची भूक पुरते. चिंगीला आम्ही शेवटची पायरी आधी शिकवली. गोटी वाटीच्या काठाशी ठेवायची, ती नुसती ढकलून आत पडली तरी टक. मग एक वीत लांब, मग दोन वीत, मग दारापलीकडे. असं केलं की प्राणी नेहमी अनोळखी कामाकडून ओळखीच्या कामाकडे जातो. त्याला धीर येतो. गणित मी नेहमी उलटं शिकवत आलो होतो, ओळखीच्याकडून अनोळखीकडे, आणि मुलं शेवटच्या पायरीशी येऊन अडखळायची. बाकावर उभी राहायची.

ठमीचं काम दिसायला सोपं, शिकवायला महाकठीण. तिला करायचं काहीच नव्हतं, फक्त थांबायचं होतं. एक सेकंद थांबली, टक. दोन सेकंद थांबली, टक. पाचवर गेलो की ती उतरायची, मग पुन्हा तीनवर यायचं. रागवायचं नाही, ढकलायचं नाही. जमलं नाही तर पायरी मोठी झाली, एवढाच त्याचा अर्थ. दहा सेकंदांपर्यंत यायला तिला तीन आठवडे लागले.

मग दोघींना एकत्र आणलं, आणि सगळं कोसळलं.

ठमी फळीवर चढली, दार उघडलं, चिंगी आत गेली. तिनं गोटी उचलली मात्र, ठमी फळीवरून उडी मारून वाटीकडे धावली. दार चिंगीच्या पाठीवर पडलं. पुठ्ठ्याचंच होतं, लागलं नाही, पण ती दचकली आणि पुढचे दोन दिवस दाराजवळ फिरकली नाही. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तेच. आठवडा गेला. मी वैतागून म्हणालो, 'ही ठमी आप्पलपोटी आहे. हिला बदलायला हवी.' वर्गात मी हेच म्हणत असे, फक्त नावं वेगळी असत.

नातू जमिनीवर पालथा पडून त्या दोघींकडे बघत होता. तो म्हणाला, 'आप्पलपोटी नाहीये ती, आजोबा. खाऊ वाटीपाशी मिळतो ना. तिला वाटतं, आपण इथेच थांबलो तर तिकडे सगळं संपून जाईल.'

मी काही बोललो नाही. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिनंही ऐकलं. श्रोतेहो, ताटात ठेवलेली ती दुसरी पोळी त्या दिवशी मला पहिल्यांदा कळली.

त्याचं निदान अचूक होतं. टक झालं की मी खाऊ वाटीजवळ ठेवत होतो, कारण माझा हात तिथे पोचत होता. चिंगीला तो समोर मिळायचा आणि ठमीला धावत येऊन घ्यावा लागायचा. म्हणजे थांबण्याची शिक्षा आणि पळण्याचं बक्षीस, असं मीच तिला शिकवत होतो. आम्ही दोन जागा केल्या. ठमीचा चुरमुरा फळीवरच, चिंगीचा वाटीशी, आणि दोघींना एकाच वेळी. आता त्याला चार हात लागत होते, म्हणजे आम्ही दोघं लागत होतो.

आणि उंदरांपेक्षा आमचंच जमेना. मी टक उशिरा करायचो. सगळं पूर्ण बरोबर झाल्याशिवाय शाबासकी द्यायची नाही, ही जुनी खोड. तो घाईनं करायचा. एकाच खेळात दोनदा टक व्हायचं आणि दोघी गोंधळून आमच्याकडे बघत बसायच्या. शेवटी ठरलं, पेन एकाच्याच हातात. ते त्याच्या हातात राहील. त्यानं टक केलं की मी ठमीला फळीवर चुरमुरा द्यायचा, माझं मत काहीही असो. ३४ वर्षांत पहिल्यांदाच घंटा दुसऱ्याच्या हातात होती.

सहाव्या दिवशी ते झालं. ठमी चढली, दार उघडलं, चिंगी गेली, गोटी घेऊन आली, वाटीत 'ठण' वाजलं, आणि ठमी फळीवरच होती. पुढे तर आमच्या पेनाचीही गरज उरली नाही. दार उघडणं ही चिंगीची खूण झाली आणि वाटीतला ठण ही ठमीची. एकीचं काम हाच दुसरीसाठी इशारा. दोन प्राण्यांना एकत्र काम करायला शिकवण्याचं गुपित एवढंच आहे. एकत्र काम हा वेगळा धडा नसतोच. प्रत्येकाला त्याचं काम नीट येऊ द्यायचं, आणि त्याचा वाटा त्याच्याच जागी, ठरल्या वेळी मिळेल याची खात्री द्यायची. मग ते थांबतात.

सोसायटीच्या गणेशोत्सवात विविध गुणदर्शनाचा कार्यक्रम असतो. चिटणीसांना ही बातमी लागली. 'साक्षात बाप्पाचं वाहन स्टेजवर!' म्हणून ते खूष. मीही खूष, खोटं कशाला सांगू? मांडवात दीड-दोनशे माणसं, डोक्यावर हॅलोजनचे दिवे, शेजारी कर्णे. आम्ही पिंजऱ्याचं दार उघडलं. दोघी बाहेर येईनात. कोपऱ्यात एकमेकींच्या अंगात शिरून बसल्या. पांढऱ्या उंदरांच्या डोळ्यांना प्रखर उजेड सोसत नाही, आणि आपल्याला ऐकू येत नाही असं कितीतरी त्यांना ऐकू येतं. ते सगळं मला ठाऊक होतं. तरी लोक हसायला लागले तसा मी नातवाच्या कानाशी म्हणालो, 'जरा ढकल तिला बाहेर.'

माझ्या लहानपणी दरवेशी अस्वल घेऊन यायचा. अस्वलाच्या नाकात दोरी असे. ती ओढली की अस्वल मागच्या पायांवर उभं राही आणि आम्ही टाळ्या वाजवत असू. १९९८ मध्ये केंद्र सरकारनं अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या अशा खेळांवर बंदी घातली, तेव्हा मी वर्गात त्यावर पाच मिनिटं बोललोही होतो. आणि आता मांडवात मीच दोरी ओढायला सांगत होतो.

'नको आजोबा', नातू म्हणाला, 'त्यांना नकोय.' त्यानं पिंजऱ्यावर पंचा टाकला आणि माइकपाशी गेला. चार महिन्यांत चार वाक्यं सलग न बोललेला मुलगा. म्हणाला, 'आज त्या करणार नाहीत. त्यांना आवाजाची भीती वाटते. ज्यांना बघायचंय त्यांनी उद्या आमच्या घरी या. पण पाचच जणांनी या.'

दुसऱ्या दिवशी पाच मुलं आली. पंखा बंद, पडदे ओढलेले, सगळी मांडी घालून गप्प. चार वेळा खेळ केला, तीनदा जमला. शेवटच्या वेळी चिंगी गोटी सोडून एका मुलीच्या फ्रॉकची नाडी कुरतडायला गेली. त्याच मुलीनं मला विचारलं, 'आजोबा, आपण एकमेकींना मदत करतोय, हे त्यांना कळतं का?'

प्रश्न फार मोठा आहे. १९४२ साली डॅनियल नावाच्या संशोधकाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दोन उंदीर, खाण्याच्या भांड्याभोवती विजेचा झटका देणारी जाळी, आणि एक चौथरा. एक उंदीर चौथऱ्यावर बसला तरच वीज बंद होई आणि दुसऱ्याला खाता येई. उंदीर आळीपाळीनं बसायला शिकले. मला वाटलं होतं, फळीची कल्पना माझी! मात्र तिथे झटका होता, म्हणून त्याला मदत म्हणावं की भीती, हे सांगणं अवघड. पुढे २००७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठात दिसलं, की ज्या उंदराला आधी इतरांकडून मदत मिळाली आहे, तो अनोळखी उंदरासाठीही जास्त वेळा दांडी ओढून खाऊ जवळ आणून देतो, स्वतःला काही मिळत नसताना. २०११ मध्ये शिकागोत दिसलं, की नळीत अडकलेल्या सोबत्याला उंदीर दार उघडून सोडवतो, आणि शेजारी चॉकलेट ठेवलं तर तेही उघडतो आणि बऱ्याचदा त्याच्यासाठी काही ठेवतो. २०१९ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी उंदरांना माणसांबरोबर लपंडाव खेळायला शिकवलं. बक्षीस म्हणून खाऊ नव्हताच, फक्त गुदगुल्या. उंदीर खूष असले की ५० हजार कंपनांच्या आसपास चिवचिवतात. आपला कान २० हजारांशीच थांबतो, म्हणून आपल्याला ते कधी ऐकू आलं नाही.

पण ठमी आणि चिंगीबद्दल मी त्या मुलीला एवढंच सांगितलं, की ठमीला चुरमुरा हवा असतो आणि चिंगीलाही. दोघींना तो दोघी मिळूनच मिळतो, हे त्यांना पक्कं कळलंय. तेवढं माणसांनाही कळायला वेळ लागतो.

दिवाळीपर्यंत ताटातली दुसरी पोळी बंद झाली. कधी, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मे महिन्यात नातू नाशिकला परत गेला. बहीण आता घरी होती, पण नाजूक होती, म्हणून उंदीर आमच्याकडेच राहिले. शिकवणी मी एकट्यानं चालू ठेवली. पेन डाव्या हातात, चुरमुरे उजव्या. स्वयंपाकघराचा उंबरा सोडला तर हिची सगळी बंधनं एव्हाना सैल झाली होती, आणि चार हातांची गरज पडली की ती ठमीच्या बाजूला बसायची.

उंदराचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं. म्हाताऱ्या माद्यांना गाठी होतात. चिंगीलाही झाली. डॉक्टरांना दाखवलं, पण वय झालं होतं. एका सकाळी ती उठली नाही. ठमी बराच वेळ तिच्या अंगाला लागून बसली होती.

त्यानंतर एका संध्याकाळी मी ठमीला मोकळं सोडलं. ती थेट फळीवर चढली. दार उघडलं. आत कुणी गेलं नाही. ती तशीच उभी राहिली, डोकं डावीउजवीकडे डोलवत. दहा सेकंद, वीस सेकंद, त्याहून जास्त. इतका वेळ तर आम्ही तिला कधी शिकवलाच नव्हता. वाटीत ठण वाजण्याची ती वाट बघत होती. मला काही सुचेना. मी नाशिकला फोन लावला. नातवानं ऐकून घेतलं. मागे त्याच्या बहिणीचा आवाज येत होता.

'अजून उभी आहे?' त्यानं विचारलं.

'आहे.'

'मग चुरमुरा द्या ना तिला, आजोबा. तिथेच, फळीवर. तिनं तिचं काम केलंय.'